पुरं एक मिनिट

पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही,
मिरजेच्या वॉर्डात थोरात सिस्टर दटावायच्या.
पुरं एक मिनिट.
आणि पेशंटला कळू द्यायचं नाही,
कळलं की तो श्वास नीटनेटका करतो,
पाहुणे आल्यावर घर आवरावं तसा.
नाडी धरल्याचं नाटक करायचं,
नजर छातीवर.

सोहार बंदरामागं, कॅम्पच्या दवाखान्यात,
शमाल सुटलाय, खिडकीच्या फटीत रेती वाजतेय,
आणि हसनमिया चौगुलेचं मनगट धरून
मी मोजतेय.
मिनिट संपलं तेव्हा चौतीस.

दमलोय फक्त, सिस्टर, तो म्हणतो.
म्हणजे असं म्हणतो:
दमलोय
फक्त
सिस्टर.

त्याला खोलीतल्या लिंगय्यानं ओढून आणलंय.
लिंगय्या फोन पुढं करतो.
हर्णैहून चौगुलेच्या बायकोचा, जैबूनचा निरोप,
तोडक्यामोडक्या हिंदीत, पण चूक कुठंच नाही:
रविवारी हा एका दमात
अख्ख्या परातीचं, पाण्याचं, मुकादमाचं सांगत होता.
सोमवारी निम्मंच सांगितलं.
काल फक्त "बरा हाय"
आणि "बरा" नि "हाय"च्या मधे एक श्वास.
भाऊ, त्याला डॉक्टरकडं न्या.

मी बोटाला चिमटा लावते. अठ्ठ्याऐंशी.
जैबूनला समुद्रापलीकडून
हे कालच दिसलं होतं.

पाठ उघडी करून ठोकते.
कॅम्पातल्या पिंपात पाणी कुठवर आलंय
ते झाकण न काढता बघतात, तसं.
डावीकडं पोकळ, छान.
उजवीकडं खाली आवाज बसतो.
स्टेथो लावला तर श्वास आत जाता जाता
तव्यावर मीठ उडावं तशी चुरचुर.

आज वार कोणता, हसनमिया?
शुक्रवार.
आज बुधवार आहे.
ज्याला शुक्रवारशिवाय पलंगावर पडता येत नाही
त्याचा शुक्रवार चूक धरू का?
धरते. एक गुण.
श्वास तिसाच्या वर, एक गुण.
रक्तदाब अठ्ठ्याऐंशीवर चोपन्न, आणखी एक.
वय एक्केचाळीस, त्याचे काही नाहीत.
या परीक्षेत गुण मिळवणारा
इस्पितळात जातो.

तेवढ्यात तो मास्क बाजूला करतो.
एक्स-रे नको.
दोह्यात भावाच्या छातीत
जुना डाग निघाला
आणि आठवड्यात तिकीट.
एवढं बोलायला त्याला पाच श्वास लागले,
मी मोजत नव्हते तरी मोजले.

डाग दिसणार, मी म्हणते, खोटं कशाला बोलू.
पण तो आजचा डाग आहे. न्यूमोनियाचा.
डॉक्टर हिलाल कागदावर लिहून देतील,
अरबीत, इंग्रजीत, तारखेसकट.
तुझ्या भावाला कुणी लिहून दिलं नव्हतं.

तो माझ्याकडं बघत राहतो.
मग स्वतःच मास्क लावतो.

रक्त घेते. शिरेत सुई.
रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटं,
अँटिबायोटिकनं तिची वाट बघायची नसते,
पहिला डोस इथंच.
सुपरवायझरचा फोन येतो:
शनिवारी ड्यूटीवर येईल ना?
थांबा, मोजतेय, मी म्हणते
आणि फोन टेबलावर पालथा ठेवते.

आठव्या दिवशी माझ्या मोबाइलवर निरोप,
एक मिनिट चार सेकंद.
डाळीत मीठ नाही, शेजारचा बलुची नाखवा
घोरतो की बोट सुरू करतो कळत नाही,
जैबूनला म्हटलं तू मासळी सोड, डॉक्टरकी कर,
तर म्हणते आधी पैसे पाठवा.
दोनदा ऐकला.
एकदा तो काय म्हणतो म्हणून.
एकदा घड्याळ लावून.

फोटोतली सावली निवळायला
सहा आठवडे तरी लागतील.
व्हिसाची तपासणी त्याआधीच आहे.
डॉक्टर हिलालांनी लिहिलेला कागद
त्यानं पासपोर्टात ठेवायला दिलाय.
पासपोर्ट कंपनीकडं आहे.